पप्पांच्या वाटचे दोन रोट

त्या वर्षी उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत मी "हे दिवस जातील" हे वाक्य किती वेळा म्हटलं, ते कानबाईलाच माहीत. मुलगी नळावरून अर्धाच हंडा घेऊन आली, की हे दिवस जातील. मुलाने चपलेचा तुटलेला अंगठा दाखवला, की हे दिवस जातील. एकदा मांजर दूध पिऊन गेलं तर मी मांजराकडे बघूनही तेच म्हणाले, असं माझी मुलगी आजही लोकांना सांगते. मला आठवत नाही, पण म्हणाले असेन. तेव्हाच्या त्या बाईचा काही भरवसा नव्हता. तिशीतली बाई, पदर खोचलेला, तोंडात उपदेश, आणि पाय मात्र कधी एका जागी नाहीत. मुलांना धीर धरायला शिकवायची आणि स्वतः भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण काढून बघायची. आमच्याकडे तेव्हा भात कधी नीट शिजलाच नाही.

सुरतेच्या लिंबायतमध्ये आमची एक खोली होती. आमच्याकडे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला खातं म्हणतात. गल्लीच्या दोन्ही अंगांना खाती, आणि त्यांचा खटखटाट रात्रंदिवस. माझी दोन्ही मुलं त्या आवाजातच जन्मली. गावी गेली की त्यांना झोप यायची नाही, "इथं काहीच का वाजत नाही?" म्हणून विचारायची. मुलांचे पप्पा आमच्या मागच्याच खात्यात लूम चालवायचे. उन्हाळ्यात शेठ म्हणाला, मंदी आहे, पंधरा दिवस बंद ठेवू. त्याने कुलूप लावलं आणि तो गेला. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. शेवटी हे गल्लीतल्या चौघांबरोबर हजीऱ्याला गेले. तिथे एक मोठी कंपनी बांधायचं काम चाललं होतं. ठेकेदाराकडे सिमेंट, खडी, लोखंड, जे सांगतील ते उचलायचं, तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचं आणि रविवारी घरी यायचं.

मंदीत सगळीच खाती बंद पडल्यावर गल्ली इतकी गप्प झाली, की शेजारणीने कुकर कितव्या शिट्टीला उतरवला ते आम्हाला कळायचं. त्या गप्पपणाने माझ्या अंगात जणू मुंग्या सोडल्या. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम मी घरी आणलं होतं. चार टिकल्या लावल्या की उठायचं, मागच्या बाजूला जायचं आणि खात्याचं कुलूप बघून यायचं. समोरच्या खोलीत एक धुळ्याकडची मावशी राहायची, जन्मभर अहिराणीशिवाय दुसरं काही न बोललेली. ती ओट्यावर बसून माझ्या फेऱ्या बघायची.

"कुलूप काय पळी जाई का वं? बठ ना एक जागे."

"बसलेच आहे ना मावशी," मी चालता चालता म्हणायचे.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा सहाचा. मुलाला काहीही सांगितलं तरी चालायचं, पण मुलगी पक्की. तिला गोष्टीत राजा मेला म्हटलं तर ती विचारायची, कशाने. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि माझं नेहमीचं वाक्य म्हणून मोकळी झाले. ती पाटीवरून मान वर करून म्हणाली, "मम्मी, कधी?"

"काय कधी?"

"हे दिवस कधी जातील? कोणत्या वारी?"

आता शहाण्या बाईने काय म्हणावं? निदान गप्प तरी बसावं. पण बाईसाहेबांची नजर गेली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "कानबाई आल्या की पप्पांचं खातं सुरू होणार."

मुलीने कॅलेंडर खाली काढलं, श्रावणातला तो रविवार शोधला आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. त्या गोलाकडे बघून मला बरं वाटलं, हे विशेष. जणू देवीशी माझं बोलणं झालं होतं.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई ठाऊक नसते, म्हणून दोन शब्द सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरी येते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर निरोप देतात. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते वेगळे दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. आमच्या घरी रोट म्हणजे गूळ घातलेली, तुपावर भाजलेली जाडजूड पोळी. ते घरच्याच माणसांनी खायचे. बाहेरच्या कुणाला तुकडासुद्धा द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. ज्याच्या नावाचं पीठ, त्याने त्यातलं खायलाच हवं. म्हणून कुणी परगावी असला, तर शहाण्या बायका त्याच्या वाटचं पीठ डब्यात तसंच ठेवतात आणि तो आला की ताजे रोट करून वाढतात.

शहाण्या बायका, म्हटलं मी.

त्या रविवारी हे दुपारपर्यंत येणार म्हणून मी सकाळीच सगळं पीठ मळून सगळे रोट भाजून टाकले. मुलाच्या नावाचे दोन, यांच्या नावाचे दोन. मावशी दारातून म्हणाली, "त्यानं पीठ ठेव वं, तो येवू दे आधी." मी म्हटलं, येतीलच आता. मला पीठ ठेवणं म्हणजे वाट बघणं वाटायचं, आणि वाट बघणं सोडून मला सगळं जमायचं. संध्याकाळी हे आले नाहीत, त्यांच्याबरोबरचा एक जण आला. म्हणाला, स्लॅब भरायचं काम चालू झालंय, मध्ये थांबवता येत नाही, वहिनी, ते आता पुढच्या रविवारीच येतील.

पुढचा रविवार पौर्णिमेच्या नंतरचा होता. पौर्णिमा शनिवारी होती.

सोमवारी कानबाईला निरोप दिला. वाजतगाजत गेलो आणि गुपचूप परत आलो. मुलगी घरी येताच चप्पलही न काढता मागच्या बाजूला गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

"कुलूप आहे," ती म्हणाली.

"देवी आत्ता तर गेली. जरा दम तर धर."

"तू म्हणाली होतीस, आल्या की."

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

मुलाच्या नावाचे रोट आम्ही तिघांनी त्या दिवशीच संपवले. उरले यांच्या वाटचे दोन, ॲल्युमिनियमच्या डब्यात. मुलगी येता-जाता डबा उघडायची, वास घ्यायची, बंद करायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पप्पांनी रोट खाल्ले नाहीत म्हणून कानबाईने खातं उघडलं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि हे गणित तिला शिकवलं कुणी? मीच.

मंगळवारी शाळेतून येताच तिने विचारलं, "पप्पांचे रोट खराब होतील ना?" बाहेर पाऊस, खोलीत ओल, कपडे तीन दिवस वाळेनात. माझ्या डोक्यात तेव्हा एक झकास कल्पना आली. तेव्हा मला कल्पना झकासच यायच्या. मी म्हटलं, "अगं, सांगायचं राहिलंच. पप्पा दुपारी येऊन गेले. तासभरच सुट्टी होती. बसले, रोट खाल्ले आणि गेले."

मुलगा लगेच म्हणाला, "मला का नाही भेटले?"

"घाईत होते."

मुलगी दप्तरातून वही काढून बसली. मला वाटलं, मिटलं. डबा मी टिकल्यांच्या साड्यांच्या गठ्ठ्याखाली ढकलला होता. स्वतः ते रोट खाऊन टाकायचे, असंही मनात होतं. पण घास तोंडाशी नेऊन परत ठेवला. मुलांशी खोटं बोलायला मी घाबरले नाही, देवीला घाबरले. असा होता माझा धीटपणा.

बुधवारी पहाटे उठून बघते तर मुलगी गठ्ठ्याशी बसलेली. साड्या बाजूला, डबा मांडीवर, झाकण उघडं. एका रोटाच्या कडेला बुरशीचा पांढरा ठिपका आला होता. तिने माझ्याकडे बघितलं. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, चिडली असती तर मीही चिडले असते. ती फक्त म्हणाली, "पप्पा आलेच नव्हते."

मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. या पोरीने माझ्या बोलण्यावर पुन्हा विश्वास ठेवला नाही तर काय करायचं, हे मला पहिल्यांदाच सुचलं. पप्पा हजीऱ्याला, खात्याला कुलूप, मागे उरले होते फक्त माझे शब्द. तेही गेले, तर या मुलांनी धरायचं काय?

"चप्पल घाल," मी म्हटलं. "भावाला उठव."

"शाळा?"

"आज नाही शाळा. हजीऱ्याला जायचंय."

मावशी ओट्यावर दात घासत होती. "कथा चालनी वं येवढ्या सकायमा?"

"हजीऱ्याला. रोट द्यायला."

ती तोंडातलं मशेरीचं पाणी थुंकून म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना, पीठ ठेव." आणि मुलाच्या खिशात तिने मूठभर भाजलेल्या शेंगा कोंबल्या.

शटल रिक्षात सात माणसांत आम्ही तिघं कोंबून स्टेशनला गेलो. तिथून हजीऱ्याची बस. खिडकीशी मुलगी बसली, डबा पोटाशी धरून. मी वाटेत तीन वेळा जागा बदलली. तापी ओलांडली, घरं विरळ झाली, खाडीचा चिखल दिसायला लागला, मग कारखान्यांच्या चिमण्या आणि टाक्या. मुलगा प्रत्येक टाकीकडे बोट दाखवून विचारायचा, पप्पा यात आहेत का. कंडक्टरला मी चार वेळा विचारलं, आलं का. पाचव्यांदा तो म्हणाला, "बेन, तमे बस चलावो, हुं बेसुं."

बस एका फाट्यावर सोडून गेली. चिखल तुडवत आम्ही फाटकापाशी पोचलो. फाटकाच्या खोलीत वॉचमन बसला होता. म्हातारा, गुजराती, आणि मिशा अशा, की दोन्ही टोकं कानांशी गप्पा मारत असावीत. मी त्याला माझ्या हिंदीत सांगितलं, की ठेकेदाराकडच्या अमक्या माणसाला बोलवा. तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीशिवाय कुणाला बाहेर सोडत नाहीत. सुट्टीला दोन तास होते. दोन तास म्हणजे मला दोन वर्षं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे केलं.

"उनकी माँ बहुत बीमार है," मी म्हटलं. "अभी बुलाओ."

वॉचमन उठला, टोपी घातली, आणि तेवढ्यात माझा सुपुत्र बोलला, "आजी तर बरी आहे. परवाच पत्र आलंय."

मराठी त्याला कळली नसेल, असं मी मनाला सांगितलं. पण सुरतेतल्या वॉचमनला मराठी कळत नाही, असं कसं होईल? तो परत बसला. टोपीही काढून ठेवली. मग त्याचं लक्ष डब्याकडे गेलं.

"अंदर क्या है?"

"कुछ नहीं. प्रसाद," मी म्हणाले. चुकलंच.

"प्रसाद है तो हमको भी दो." त्याने हात पुढे केला. त्यात लबाडी नव्हती, प्रसादाला हात पुढे करतात तसा केला होता.

आता या माणसाच्या मनात आलं तरच पप्पा बाहेर येणार. आणि रोट बाहेरच्याला द्यायचा नाही. मी तिथे उभी राहून एका दमात काय काय सांगितलं, ते आठवलं की आज माझं मलाच हसू येतं. प्रसाद कालचा आहे, मग तो तिखट आहे, मग तो औषधाचा आहे. प्रत्येक वाक्यागणिक त्याचा हात थोडा थोडा मागे जात होता आणि चेहरा उतरत होता. प्रसाद नाकारलेल्या माणसाचा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता.

मुलगी मला बाजूला सारून पुढे झाली. शाळेतल्या गुजरातीत, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काका, आ अमारा घरना माणस ज खाय. आ मारा पप्पानो भाग छे. पूनम पहेलां खावो पडे."

वॉचमनने तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "तो एम कहे ने, बेटा," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून, "तमे केटलुं खोटुं बोलो छो, बेन."

मुलीने भावाच्या खिशातल्या शेंगा काढून वॉचमनच्या तळहातावर ठेवल्या. "आ तमारा." त्याने त्या घेतल्या, एका पोऱ्याला हाक मारून आत निरोप पाठवला आणि आम्हाला त्याच्या बाकावर बसायला लावलं. त्या बाकावर मी खरंच बसले. उठायला तोंडच नव्हतं.

अर्ध्या तासाने हे आले. केसांवर, भुवयांवर, सगळीकडे सिमेंट. मुलगा त्यांना ओळखेना, माझ्या मागे लपला. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे आणखी पांढरा. "काय व्हयनं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "रोट आणलेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. "रोटासाठी? इतक्या लांब?" मग त्यांनी मुलीचं तोंड पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. नळावर हात धुऊन आले, खाली मांडी घालून बसले. बुरशीचा ठिपका नखाने काढला, पुडीत बांधून माझ्याकडे दिला, कारण टाकायचा नसतो, आणि पहिला घास तोंडात घातला. रोट इतका कडक झाला होता, की चावल्याचा आवाज वॉचमनला ऐकू गेला असेल.

मुलगी त्यांच्या समोर उकिडवी बसून प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होती. पहिला रोट संपल्यावर तिने विचारलं, "आता खातं सुरू होईल?"

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, खोकले. त्यांनी बघितलं आणि दुर्लक्ष केलं.

"माले ठाऊक नही, बाई," ते म्हणाले.

"मम्मी म्हणाली, कानबाई आल्या की."

"तुझ्या मम्मीला कुणी सांगितलं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चिमण्यांकडे पाहिलं.

हे दुसरा रोट मोडता मोडता म्हणाले, "प्लेगच्या वर्षी आपण गावी पळालो होतो, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. आठवतं का?"

"हो."

"काय आठवतं?"

मला आठवत होतं ते सांगते. तोंडाला रुमाल बांधून स्टेशनात लोटलेली माणसं. गाडीच्या दारात लोंबकळणारे लोक. गावी पोचलो तर सुरतेहून आलेत म्हणून कुणी घरात घेईना. सख्ख्या माणसांनीसुद्धा आम्हाला मळ्यातल्या गोठ्यात ठेवलं, पाण्याची कळशी लांब ठेवून बाया मागच्या मागे पळायच्या. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. त्याला साधा खोकला आला तरी मी त्याचं तोंड पदरात दाबायचे, कुणी ऐकू नये म्हणून. ते दिवस मी मुलांसमोर कधी काढत नसे.

मुलगी विचार करून म्हणाली, "शेळीने माझी रिबिन खाल्ली."

"अजून?"

"लाल होती. अर्धी तिच्या तोंडात आणि अर्धी माझ्या केसात. मी ओढत होते आणि ती पण." तिला हसू यायला लागलं. "मग मम्मीने शेळीला चप्पल मारली आणि चप्पल शेणात पडली."

हे खरं होतं. मी साफ विसरले होते. गोठ्यातली ती शेळी, तो ओढाताणीचा खेळ आणि शेणातली माझी चप्पल.

"किती दिवस होतो आपण तिथे?" यांनी विचारलं.

"खूप. मग परत आलो."

"परत आलो तेव्हा तुला कुणी आधी सांगितलं होतं का, अमुक दिवशी परत जाऊ म्हणून?"

तिने मान हलवली. नाही.

"तसंच आहे हे," ते म्हणाले आणि शेवटचा तुकडा तोंडात टाकला. बस्स, एवढंच. मी उन्हाळ्यापासून उपदेश करत होते आणि या माणसाने रोट चावता चावता चार वाक्यांत उरकलं. मला रागच आला. खरं सांगते, आधी राग आला.

आतून कुणी तरी हाक मारली. यांनी मुलाच्या गालाला सिमेंटचं बोट लावलं, रिकामा डबा मुलीच्या हातात दिला आणि ते गेले. वॉचमन शेंगा सोलत होता. आम्ही निघालो तेव्हा त्याने मुलीला हात केला, मला नाही.

परतीच्या बसमध्ये मुलगा माझ्या मांडीवर झोपला. मुलगी खिडकीशी, मांडीवर रिकामा डबा. तापीचा पूल आला तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, "मम्मी, तुला माहीत आहे का खातं कधी सुरू होईल?"

जीभ सवयीने वळवळली. दिवाळी होतीच, दिवाळीवर ढकलता आलं असतं. राखी होती, गणपती होते, सणांना काय तोटा.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

तिने डोकं माझ्या दंडावर टेकलं. कालपासून ती माझ्याजवळ आली नव्हती. हात अवघडला होता, पाठीला कळ लागली होती, मुलाची लाळ साडीवर सांडत होती. मी स्टेशन येईपर्यंत हलले नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रमच असेल.

घरी आल्यावर तिने कॅलेंडर खाली काढलं आणि तो पेन्सिलीचा गोल खोडरबराने खोडला. कागद जरा फाटला.

खातं सुरू झालं ते कोणत्याच सणाला नाही. पुष्कळ दिवसांनी, एका साध्या वारी, दुपारी, मी टिकल्या लावत असताना भिंतीपलीकडे एक लूम खोकल्यासारखा खटखटला, थांबला, परत खटखटला. मुलगी गृहपाठ करत होती. तिने मान वर केली, ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वहीत घातली. मी मात्र हातातली साडी टाकून अनवाणी मागे पळाले. मावशी ओट्यावरून ओरडली, "आते कथा?" मला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

आता मुलीची स्वतःची मुलगी आहे. परवा मी मुलीला विचारलं, त्या दिवसांतलं तुला काय आठवतं गं? मला वाटलं म्हणेल, पप्पांचं बोलणं, नाही तर माझं ते 'नाही'.

"वॉचमनच्या मिशा," ती म्हणाली. "आणि तू सांगत होतीस, की प्रसाद औषधाचा आहे."